उचललेली चाल

लोक हसायचे थांबले तेव्हा मला वाटलं, माझा मुखवटा सरकला.

मुखवट्याच्या आतून फार दिसत नाही. डोळ्यांच्या जागी दोन भोकं असतात, त्यांतून समोरचा जेवढा तुकडा दिसेल तेवढंच जग. बाजूचं काहीच दिसत नाही. म्हणून आत असताना माणूस कानांवर अवलंबून असतो. हशा कुठून आला, कुठे कमी झाला, यावरून कळतं की प्रयोग कसा चालला आहे. इंझोरीत ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत त्या दुपारी प्रयोग चांगला चालला होता. दारुड्याची एंट्री झाली, म्हणजे माझी, आणि पहिल्या चार पावलांनाच लोक हसले. मग डावीकडचा हशा बंद झाला. मग समोरचा. मग एका माणसाचा आवाज आला.

"अबे, हा तं हमीद मिस्त्री होय!"

मी मुखवटा चाचपला. तो जागेवर होता.

उजवीकडून दोन-तीन जण पुन्हा हसले. ते हसू वेगळं होतं. "मी म्हनलं नोतं? पिऊनच होता तो. आता तं नाटकवाल्यायलेबी मालूम हाय."

हमीद मिस्त्री कोण, हे मला माहीत नव्हतं. मी चालत राहिले. आम्हाला शिकवलेलंच तसं आहे, काही झालं तरी चाल तोडायची नाही.

इथे मला थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी तेव्हा वाशिमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. गाव किन्हीराजा. घरी भाजीपाल्याचं वावर आहे, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पहिल्या वर्षी वानखडे सरांची कार्यशाळा झाली आणि मी त्यांच्या ग्रुपमध्ये गेले. सर नाटकं लिहितात, माइम शिकवतात आणि मुखवटेही स्वतः बनवतात. आमच्याकडे ही तीन कामं करणारी तीन माणसं मिळणार नाहीत, म्हणून एकच माणूस करतो, असं ते म्हणतात. संस्था आम्हाला शो देतात. विषय त्यांचे असतात, रस्ता सुरक्षा, हुंडा, व्यसनमुक्ती. याला करिअर म्हणावं का, मला अजून कळत नाही. एकदा एका फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी 'कलाकार' असं लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. मग खोडून 'विद्यार्थिनी' केलं.

आईने मला या कामाची परवानगी दिली ती मुखवट्यामुळे. "तोंड झाकूनच करतं ना तू? मंग कर," एवढंच ती म्हणाली. पुरुषाचं काम करायचं, तेही चौकात, पण चेहरा दिसत नाही, म्हणून चाललं.

माइम म्हणजे शब्दांशिवायचा अभिनय. त्यावर पूर्ण मुखवटा चढवला की बोलणं तर नाहीच, चेहराही जातो. मग उरतं काय? फक्त अंग. लोकांना वाटतं आपण मुखवट्याकडे बघतोय. खरं तर ते पायांकडे बघत असतात. माणूस म्हातारा आहे की घाबरलेला आहे, हे त्यांना चालीवरून कळतं. म्हणून आमच्या कामात चालीला फार किंमत आहे, आणि चाल कुठून आणायची याची एक पद्धत आहे. तिला आम्ही 'चाल उचलणं' म्हणतो. बसस्टँडवर, बाजारात जाऊन बसायचं. एक माणूस धरायचा. तो कसा चालतो ते वहीत लिहायचं. मग खोलीत येऊन ती चाल इतके वेळा करायची की आठवावी लागू नये.

याचा सरांचा एकच नियम आहे. वहीत अंग काय करतं ते लिहायचं, माणूस कसा आहे ते लिहायचं नाही. 'गरीब म्हातारी' असं लिहायचं नाही. 'उजवा खांदा खाली, पिशवी डाव्या हातात, दर दहा पावलांवर थांबते' असं लिहायचं.

आदल्या उन्हाळ्यात मी शेलूबाजारच्या जीपस्टँडवर दोन-तीन दुपारी बसले होते. तिथे मला एक माणूस दिसला. त्याची चाल मी उचलली. व्यसनमुक्तीचं नाटक आलं तेव्हा तीच चाल मी दारुड्याला दिली. मुखवटाही मीच केला. शाडूच्या साच्यावर कागदाचे थर आणि खळ, वाळल्यावर रंग. डोळ्यांच्या भोकांभोवती मी लाल रंगाची कड काढली होती.

आता परत इंझोरीला.

समोरच्या गर्दीतून एक बाई उठली आणि रिंगणात आली. पंचेचाळीसच्या आसपासची असावी. डोक्यावरून ओढणी. ती सरळ माझ्याकडे येत होती. पथनाट्यात असं होतं कधी कधी. एखादा उत्साही माणूस मध्ये येतो. तेव्हा करायचं काय, तेही शिकवलेलं असतं. त्याला नाटकात घ्यायचं. घाबरायचं नाही, त्याच्याशी खेळायचं.

मी तिला नाटकात घेतलं. तिच्यापुढे जाऊन मी एक झोक दिला, दोन्ही हात जोडले आणि आधार मागितल्यासारखा एक हात पुढे केला. लोक हसले. डफडं वाजवायला आमच्या ग्रुपमधला प्रकाश होता, त्याने एक थाप दिली.

बाई म्हणाली, "काढ."

मी तसाच हात पुढे धरून उभी होते.

"काढ ते तोंडावरचं."

मी मुखवटा काढला. तिने हात उचललेला होता. मारायलाच, असं मला वाटतं. मला बघून तो तिथेच राहिला.

"पोट्टी होय तू?"

मी मुखवटा काखेत धरला.

"ही चाल तुले कोनं शिकवली?"

"मी पाहिली होती. शेलूबाजारला."

"कोनाची होय ते मालूम हाय तुले?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"माह्या मानसाची होय. दोन महिने झाले त्यायले जाऊन." ती मोठ्याने बोलत नव्हती. रिंगणात आवाज घुमतो, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "पोलिओचा पाय होता त्यायचा, माय. लहानपनापासून. दारू कशी असते, तेबी पाह्यलं नाई त्यायनं."

मागून कोणीतरी खाकरलं. कोणीतरी म्हणालं, "सारेच असं म्हनतात." बाई वळली आणि गर्दीतून गेली. लोकांनी वाट दिली.

सर रिंगणात आले आणि म्हणाले, "प्रयोग इथे थांबतोय." मग ते आमच्याबरोबर सामान गोळा करू लागले.

परत येताना मी गाडीत मागच्या सीटवर होते. मुखवटा माझ्या मांडीवर होता. सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "वही दे."

मी दिली. त्यांनी ते पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण तेच महत्त्वाचं आहे.

'दारुडा. डोळे लाल. झोकांड्या देत चालतो. डावा पाय टाकताना डाव्या हाताने मांडी दाबून धरतो. प्रत्येक वेळी. वरचं अंग उजवीकडे जातं. पाय टेकला की हात सुटतो.'

"पहिला शब्द कोणी लिहिला?"

"मी."

"पिताना पाहिलं होतंस?"

"नाही सर."

"वास आला?"

"मी रस्त्याच्या अलीकडे होते."

"मग?"

"देशी दारूच्या दुकानाकडून आले ते. आणि डोळे लाल होते."

सरांनी त्याच पानावर खाली बोट ठेवलं. मग म्हणाले, "खाली तूच लिहिलंस, 'प्रत्येक वेळी.' प्यायलेला माणूस कुठलीही गोष्ट प्रत्येक वेळी सारखी करतो का गं?"

हा आमच्याकडचा पहिल्या आठवड्याचा धडा आहे. दारुड्याची चाल करायला अवघड, कारण तिच्यात नेम नसतो. दोन पावलं एकसारखी पडली की ती खोटी वाटते. हे मला पाठ होतं. आणि मी जी चाल उचलली होती तिचं प्रत्येक पाऊल एकसारखं होतं. इतकं, की दोन महिन्यांपूर्वी गेलेला माणूस अख्ख्या गावाने मुखवट्यातून ओळखला.

"माझंही चुकलं," सर म्हणाले. "रिहर्सलला मी तुला शाबासकी दिली. चाल कुठून आणलीस म्हणून विचारलं नाही."

मला तेव्हा रडू आलं. प्रकाशने खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

पुढच्या रविवारी सर आणि मी इंझोरीला गेलो. बाईचं नाव रजिया. घर गावाच्या कडेला. अंगणात अर्धवट जोडलेलं एक लोखंडी फाटक भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. हमीद मिस्त्री वेल्डर होते. शेलूबाजारला एका टपरीत पंप, फाटकं, थ्रेशर दुरुस्त करायचे. टपरी देशी दारूच्या दुकानाच्या मागच्या अंगाला होती. दुसरी जागा मिळाली नाही म्हणून तिथे.

रजियाचाचींनी आम्हाला बसायला खाट दिली. पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात केली, "चाची, मला माफ..." त्यांनी मला पूर्ण करू दिलं नाही.

"डोळे लाल काहून काढले तू?"

"तसे दिसले होते मला."

"वेल्डिंगनं होतात ते. काच धरतच नाई ना हातात, घाईचं काम आलं की. घरी आले का मी आलूच्या चकत्या ठेवत होती डोळ्यावर. अर्धा अर्धा घंटा. आन् तू ते रंगवून आनलं."

मी खाली बघत होते. सरही.

मग त्यांनी सांगितलं. सोयाबीन निघायचे दिवस होते. थ्रेशर बिघडलं म्हणून कोणाचा तरी फोन आला. मिस्त्री हायवे ओलांडून निघाले आणि मालाने भरलेल्या एका पिकअपने त्यांना उडवलं. पिकअपवाल्याने पोलिसांत सांगितलं, हा माणूस झोकांड्या देत अंगावर आला. कागदावर तेच लिहिलं गेलं. सर म्हणाले, "पण पोस्टमॉर्टेममध्ये..." चाची म्हणाल्या, पोटातला नमुना तपासायला पाठवला आहे, त्याचा रिपोर्ट यायला महिने लागतात, असं ठाण्यात सांगितलं.

झोकांड्या. त्यांनी तो शब्द म्हटला तेव्हा मी सरांकडे पाहिलं नाही. पिकअपवाल्याने आणि मी, दोघांनी एकाच माणसासाठी एकच शब्द वापरला होता. त्याला निदान स्वतःला वाचवायचं होतं.

"गावात दोन-चार लोक बोलतच होते," चाची म्हणाल्या. "बाकी गप होते. मले वाटे, रिपोर्ट येईल, तोंडं बंद होतील. मंग तुमी आले."

दारात एक मुलगी उभी होती. नाझिया, त्यांची मुलगी. बारावीला होती आणि तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात बसने जायची. त्यांच्या घरात इतकं शिकलेली तीच पहिली. मी तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "बसमध्ये एक पोट्टा तुमच्यासारखा चालून दाखवते. मांडीवर हात ठेवून. सारे हसतात."

"मी जाऊन त्याच्याशी बोलतो," सर म्हणाले.

"कोनाकोनाशी बोलसान सर? आता तिघं जन करतात." ती अगदी शांत बोलत होती. "बरोबर जमते त्यायले. तुमच्यावरून शिकले ना." ती आत गेली.

चाल उचलता येते, हे मला माहीत होतं. माझ्याकडूनही कोणी उचलेल, हे मनात आलं नव्हतं.

चाची म्हणाल्या की एकच माणूस साक्षीला तयार होता. पंजाबभाऊ, काळीपिवळी जीप चालवतात. मिस्त्री रोज त्यांच्याच जीपने जायचे. त्या सकाळीही गेले होते, चांगले, शुद्धीत. पंजाबभाऊ ठाण्यात जबाब द्यायला येणार होते. नाटक झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, मला यात पाडू नका.

"आता तू जा त्याच्याकडं," चाची मला म्हणाल्या. "तोडलं तू. जोड आता."

शेलूबाजारच्या स्टँडवर पंजाबभाऊ जीपच्या बोनेटला टेकून उभे होते. सीट भरायची वाट बघत. मी एकटी गेले होते. सर येतो म्हणाले होते, पण चाचींनी मला सांगितलं होतं, सरांना नाही. मी ओळख सांगितली.

"हो, वळखलं. नाटकवाली."

"भाऊ, ते प्यायलेले नव्हते. माझी चूक झाली. मी न विचारता..."

"मले कायले सांगतं? बारा वर्सं माह्या बाजूच्या सीटवर बसला तो मानूस. चहाच्या वर काई घेतलं नाई त्यानं. तेबी मीच पाजला तं."

"मग जबाब द्या ना."

"नाई देत."

"का?"

त्यांनी रुमालाने मान पुसली. "पोरी, मी सांगन का शुद्धीत होता. बरोबर? मंग गाव म्हनन, पंजाब्या खोटं बोलून राह्यला, आमी नाटकात पाह्यलं ना. माह्या जीपमंदी बसून हेच म्हनतीन. मले याच रस्त्यावर गाडी चालवायची हाय."

मी तिथे रस्त्याच्या कडेला चालून दाखवलं. दुसरं काय करावं, मला सुचलं नाही. पहिल्यांदा दारुड्याची चाल, जशी असायला हवी तशी, एकही पाऊल दुसऱ्यासारखं नाही. मग मिस्त्रींची. मांडीवर हात, अंग उजवीकडे, पाय टेकला की हात सुटला. मांडीवर हात, अंग उजवीकडे. मुखवटा नव्हता. स्टँडवरची माणसं बघत होती, कंडक्टर, पेरूवाली, कॉलेजची मुलं. माझ्या गावचंही कोणी असेल. आईने ज्या अटीवर परवानगी दिली होती ती त्या दिवशी मोडली.

"बघा भाऊ," मी म्हणाले, "दोन्ही वेगळ्या आहेत. कोणालाही कळेल. तुम्ही ठाण्यात चला, मी तिथेही करून दाखवते."

पंजाबभाऊंनी दुसरीकडे तोंड केलं होतं. "बस कर," ते म्हणाले. "मले नोको दाखवू. मले मालूम हाय. पन गावाले आता तुह्यं मालूम हाय."

मग कोणीतरी जीपमध्ये येऊन बसलं आणि ते गाडी काढून निघून गेले.

ठाण्यातही आम्ही गेलो, सर आणि मी. मी वही नेली होती. जमादारांनी पान वाचलं. पहिला शब्द वाचून ते माझ्याकडे बघून म्हणाले, "यात तर तुम्हीच दारुडा लिहिलंय."

"साहेब, खालचं वाचा. प्रत्येक वेळी..."

"मॅडम, नाटक पुरावा नसतं." त्यांनी वही परत दिली. आवाजात राग नव्हता. "आणि असलं, तर हे पान कोणाच्या कामाचं आहे, विचार करा."

त्यांचं बरोबर होतं. ती वही पिकअपवाल्याच्या वकिलाला मिळाली असती तर त्याने फ्रेम करून लावली असती.

त्यानंतर काही महिने काहीच झालं नाही. मी शो केले नाहीत. माझी परीक्षा होती, तीही कशीबशी दिली. नाझियाने कॉलेज सोडलं. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. तो भरला की वर्गात न बसता, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. ज्या मुलींना बाहेर पडता येत नाही, त्या हा फॉर्म भरतात. चाचींनी फोनवर सांगितलं तेव्हा तक्रार केली नाही, फक्त सांगितलं.

उन्हाळ्यात रिपोर्ट आला. दारूचा अंश आढळला नाही. एक ओळ. पंजाबभाऊंनी स्वतः सरांना फोन केला, आता जबाब देतो. ठाण्यात त्यांना सांगितलं की आता त्याची गरज नाही. केस चालू आहे.

आम्हाला वाटलं, आता गावाला सांगायला हवं. सरांनी नाटक नव्याने लिहिलं. दारुडा काढून टाकला. बारा मिनिटांचं, एक वेल्डर, एक रस्ता, एक शब्द. शेवटी सर स्वतः उभे राहून सांगणार होते की आम्ही कोणाची चाल कशी वापरली आणि आमचं काय चुकलं. परवानगीसाठी सरपंचांकडे गेलो तर ते म्हणाले, "कायले उकरून काढता सर? लोक भुलले आता."

"लोक विसरले नाहीत. त्यांची मुलगी घरात बसलीय," सर म्हणाले. ते एरवी आवाज चढवत नाहीत, तेव्हा चढवला.

परवानगी मिळाली. जागा तीच. पहिल्या प्रयोगाला ती जागा भरली होती, लोक ओट्यांवर आणि ट्रॅक्टरवर चढून बघत होते. दुसऱ्याला तीसेक माणसं आली. मी मुखवटा न घालता चालले. कोणी हसलं नाही. पण कोणी फारसं बघतही नव्हतं. सर बोलले, रिपोर्टची ओळ वाचली. एक म्हातारे उठून म्हणाले, "चांगलं केलं बावा, सांगतलं ते." ज्यांनी 'मी म्हनलं नोतं?' म्हटलं होतं ते त्यांत नव्हते. बसमधली मुलंही नव्हती.

मला हे त्या दिवशी समजलं. रिपोर्ट गावात कोणी वाचत नाही. नाटक सगळ्यांनी पाहिलं होतं.

चाची प्रयोगाला आल्या नाहीत. नंतर आम्ही घरी गेलो. सर बाहेरच थांबले. चाचींनी विचारलं, "किती लोक होते?" मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग त्या म्हणाल्या, "एकडाव इथं चालून दाखव."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"मोबाइलमंदी फोटो हाय त्यायचे. लग्नातला व्हिडिओ हाय, बसलेले. चालताना कोनाले काढू देत नोते. कोनी मोबाइल धरला का बसून घेत." त्यांनी ओढणी सारखी केली. "पायाचा आवाज मले याद हाय. पन कसे येत ते डोळ्यापुढं आनाले जाते, तं येत नाई. तुलेच येते आता."

अंगण लहान आहे. भिंतीला टेकलेल्या त्या अर्धवट फाटकापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं. मी फाटकाजवळ गेले. मी शेकडो वेळा केलेली चाल होती ती, आणि मला पहिलं पाऊल टाकता येईना. मग टाकलं. हात, अंग उजवीकडे, पाय, हात सुटला. ओट्यापर्यंत आले.

"हात वरतं," चाची म्हणाल्या. "गुडघ्याजवळ नाई. मांडीवर, मंधात. आन् मान खाली नोको घालू. ते मान खाली घालून नाई चालले कधी."

मी परत फाटकाकडे गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा नाझिया दारात येऊन उभी होती. तिसऱ्यांदा आले तेव्हा चाची म्हणाल्या, "हां. असं." आणि ओढणी तोंडाला लावली. नाझिया आत गेली. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने चाचींनी मला विचारलं, "आता हे कुठं करशीन?"

"कुठेच नाही."

"भुलू बी नोको."

"नाही."

त्यांनी चहा ठेवला. मी प्यायले. सरांनाही बाहेर नेऊन दिला.

तो मुखवटा सरांच्या खोलीत आहे, भिंतीकडे तोंड करून टांगलेला. सर म्हणाले होते जाळून टाकू. मी नको म्हणाले. मी आता पुन्हा शो करते आणि चालीही उचलते, कारण हे काम त्याशिवाय होत नाही. फक्त पद्धत थोडी बदलली आहे. वहीत पहिल्या ओळीवर मी त्या माणसाचं नाव लिहिते. त्यासाठी जवळ जाऊन विचारावं लागतं, तुमचं नाव काय, तुमची चाल मी घेऊ का. ते विचारायला मला अजून फार संकोच वाटतो. नाव मिळालं नाही तर खालचं काही लिहीत नाही.

नव्या वहीत कोरी पानं बरीच आहेत.